बंधारा घातला तर कासवं चढणार कुठून?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं गाव दापोली तालुक्यात, घर पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागूनच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर वाळू दरवर्षी खचतेय, उधाणाचं पाणी वाडीत घुसतं, दोन माड गेलेसुद्धा. आता गावात दगडी बंधारा घालायचं चाललंय. पण ह्याच पुळणीवर कासवं अंडी घालतात आणि आमचा मुलगा कासवमित्र आहे, म्हणजे घरटी राखणारा, तो रोज घरात भांडतोय. त्यात कोणीतरी सांगितलं की गरमीमुळे आता सगळ्या माद्याच जन्मणार, मग बंधारा असला काय नि नसला काय. खरं काय ते सांगा.

उत्तर : दादा, आधी एक सांगते, माड गेल्याचं दुःख मला कळतं, लावलेलं झाड डोळ्यांसमोर पडताना बघणं सोपं नाही, त्यामुळे बंधारा मागणाऱ्यांना मी अजिबात दोष देणार नाही. पण तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे.

आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले ह्या समुद्री कासवाची मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढते, कोरडी वाळू बघून साधारण दीड फूट खड्डा करते, शंभरएक अंडी घालते आणि परत जाते. तिला ती वरची कोरडी पट्टी लागतेच. दगडाची भिंत नेमकी तिथेच उभी राहते. आणि लाट भिंतीवर आपटली की परत फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, म्हणजे भिंतीमागचा माड कदाचित वाचतो पण पुढची पुळण अजून खाली बसते, आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याच्या वाडीला समुद्र जास्त लागतो. समुद्राची पातळी वाढतेय तशी पुळण मोकळी असेल तर हळूहळू मागे सरकते, भिंत असली की सरकायला जागाच उरत नाही. मला तरी सगळ्यात मोठी काळजी ह्याचीच वाटते, गरमीपेक्षाही.

कोणी म्हणेल कासव जाईल दुसऱ्या गावाला. जातातही, ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. पण दुसऱ्या गावानेही बंधारा घातला, तिसऱ्यानेही घातला, तर ती जाणार कुठे?

आता माद्यांचं. अंड्यात नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, उबवणीच्या मधल्या दिवसांत. साधारण ३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याच्यावर माद्या जास्त, खाली नर जास्त, आणि खूपच तापलं तर पिल्लं आतच मरतात. म्हणून सगळ्या माद्याच असं सरसकट नाही हो, डिसेंबरातलं घरटं आणि मार्चातलं घरटं ह्यांत फरक पडतो, सावलीतल्या आणि उघड्यावरच्या वाळूतही पडतो. म्हणूनच पुळणीवर वेगवेगळ्या जागा शिल्लक राहायला हव्यात. मुलाला सांगा हॅचरीत, म्हणजे अंडी राखायला केलेल्या कुंपणात, वाळूत थर्मामीटर ठेवून सकाळ-दुपार नोंद करत जा, आणि वर सावलीचं कापड घालायचं तर वनविभागाला विचारूनच, कारण जास्त थंड केलं तर उलट सगळे नर होतील.

मग माडांचं काय? पुळणीच्या वरच्या अंगाला मर्यादवेल असेल तर उपटू देऊ नका, नसेल तर लावा, ती वाळू धरून ठेवते. सुरूची झाडं मात्र पुढच्या पट्ट्यात लावू नका, मुळांच्या जाळ्यात कासवाला खड्डा करता येत नाही. खाडीतून वाळू उपसा चालू असेल तर तो आधी बंद करायला लावा, वाळू उपसायची आणि मग वाळू गेली म्हणून दगड टाकायचे ह्याला काय अर्थ आहे. आणि नवीन बांधकाम, मग ते होमस्टेचं का असेना, मागेच ठेवा.

ग्रामसभेत एक मुद्दा नक्की मांडा. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांबद्दलच्या, नियमांत कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात संवेदनशील वर्गात येतात, त्यामुळे बंधाऱ्याला रीतसर परवानगी घेतली का आणि त्या कागदात कासवांचा उल्लेख आहे का, हे लेखी विचारा. कितीदा तरी जागेची नोंदच नसते म्हणून प्रश्न येत नाही. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत पुळण आणि घरट्यांच्या तारखा घालून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास गावाचं उदाहरण द्या, तिथे आधी अंडी चोरीला जायची, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं, आता कासव महोत्सवाला लांबून लोक येतात आणि गावातल्या घरांना त्याचं उत्पन्न मिळतं.

नोव्हेंबरपासून माद्या यायला लागतील, त्याच्या आत ग्रामसभा होईल असं बघा. आणि मुलाकडे मागच्या वर्षांची घरट्यांची वही असेल तर ती घेऊनच जा.