ब्रिटनचे रस्ते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ब्रिटनमधल्या दिशादर्शक पाट्या कधी निळ्या, कधी हिरव्या, कधी पांढऱ्या असतात. काही रस्त्यांचे क्रमांक कंसात का लिहितात?

उत्तर : निळी पाटी मोटरवेची (म्हणजे द्रुतगती महामार्गाची), हिरवी मुख्य ए-रस्त्यांची (ज्यांचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो), पांढरी बाकीच्या रस्त्यांची. खरी खुबी पाटीच्या आतल्या चौकोनात आहे. हिरव्या पाटीवरच्या निळ्या चौकोनात ‘एम१’ हा मोटरवेचा क्रमांक दिसला, तर तुम्ही अजून ए-रस्त्यावरच आहात. त्या बाजूला वळलात की मोटरवे लागेल. तोच क्रमांक कंसात असेल, तर हा रस्ता एम१ नव्हे, पण पुढे एम१ला जाऊन मिळतो. कंसाकडे लक्ष नसलेला चालक वळल्यावर ‘आलो मोटरवेवर’ असे समजतो आणि गोंधळतो. ‘ए१(एम)’ मात्र वेगळा. तिथे कंस क्रमांकाचाच भाग आहे. ए१च्या त्या टप्प्यावर मोटरवेचे नियम लागतात. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आखलेली ही पाट्यांची पद्धत १९६५ पासून देशभर लागू झाली. आजही ती इतकी सुवाच्य वाटते, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

प्रश्न : पांढऱ्या गोलावर तिरकी काळी पट्टी म्हणजे वेगमर्यादा उठली का?

उत्तर : मुळीच नाही. तिथून राष्ट्रीय मर्यादा सुरू होते. मोटारीला दुभाजक असलेल्या रस्त्यावर ताशी ७० मैल, नसलेल्यावर ६०. लेन मोजू नका, दुभाजक पाहा : दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असल्या तरी मधे नुसते रंगाचे पट्टे असतील, तर मर्यादा ६०च. ही खूण अगदी अरुंद, झुडपांमधून वळणाऱ्या गावरस्त्यांवरही असते. तिथे ६०ने, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरने, जाणे जिवावर बेतेल. खूण नसेल आणि रस्त्यावर दिव्यांचे खांब असतील, तर इंग्लंडमध्ये ३०, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून २०.

प्रश्न : मोटरवेवर गाडी बंद पडली तर?

उत्तर : जमल्यास पुढच्या फाट्यावरून बाहेर पडा, नाहीतर डावीकडच्या शोल्डरवर (रस्त्याकडेच्या थांबण्याच्या पट्टीवर) किंवा नारिंगी रंगाच्या आपत्कालीन जागेत थांबा. धोक्याचे दिवे लावा, डाव्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे उभे राहा. इशाऱ्याचा त्रिकोण ठेवायला मागे चालत जाऊ नका. मोटरवेवर तो ठेवायचाच नसतो. चालू लेनमध्येच अडकलात आणि उतरणे सुरक्षित नसेल, तर पट्टा बांधून आतच बसा आणि ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. कडेच्या निळ्या फलकावरचा मोटरवेचा क्रमांक, त्याखालचे अक्षर आणि आकडा वाचून दाखवा. तेवढ्यावरून तुम्ही कुठे आणि कोणत्या बाजूला आहात ते कळते.