काठाची नक्षी धूसर का होते?

प्रश्न : पैठणीची ६००० × ४००० पिक्सेलची छायाचित्रे संकेतस्थळासाठी १२०० पिक्सेल रुंद केली, की काठावरची नक्षी धूसर दिसते. धार कशी टिकवावी?

उत्तर : रुंदी आणि उंची पाचपट घटवताना मूळच्या २५ पिक्सेलांची जागा एकच पिक्सेल घेतो आणि त्याचा रंग साधारणपणे त्यांच्या सरासरीतून ठरत असल्यामुळे जरीच्या कडेचा उठाव बोथट होतो, दोष तुमच्या लेन्सचा नव्हे. गिंप हे चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर आकार निम्म्याहून कमी करताना ‘इंटरपोलेशन’मध्ये (नव्या पिक्सेलचा रंग ठरवण्याच्या पद्धतीत) ‘नोहॅलो’ हा पर्याय निवडावा. ‘नन’ निवडल्यास तिरप्या रेषांना पायऱ्या पडतात आणि बारीक विणीवर नसलेल्या लाटा उमटतात. ‘अनशार्प मास्क’ हा कडांना धार देणारा फिल्टर मात्र आकार घटवल्यानंतरच, त्रिज्या अर्ध्या पिक्सेलच्या आसपास ठेवून आणि चित्र १०० टक्के आकारात पाहत द्यावा. मोराच्या चोचीभोवती पांढरी रेघ दिसू लागली, की हात आवरावा (हा मोह आम्हांलाही आवरत नाही!). प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनच सुरुवात करावी, कारण जेपेग पुनःपुन्हा साठवल्याने गेलेला तपशील कोणत्याही फिल्टरने परत येत नाही.