बंगल्यांचा स्वतंत्र व्यवसाय सुरू करावा, पण गाळा आताच घेऊ नये

प्रश्न : मी ३६ वर्षांची वास्तुविशारद असून पुण्यातील एका फर्ममध्ये ११ वर्षे नोकरी करत आहे. पतींची नाशिकला बदली झाल्यामुळे तेथे केवळ बंगल्यांच्या रचनेचा स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचा विचार आहे. दोन कामे ठरली असून त्यांची एकूण फी ९.५ लाख रुपये आहे. ८ लाखांची मुदत ठेव आणि १३ लाखांचे म्युच्युअल फंड जमा आहेत. पतींचा पगार ५२,००० रुपये असून गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ७०,००० रुपये होतो. कार्यालयासाठी ३८ लाखांचा गाळा कर्ज काढून घ्यावा का?

उत्तर : गाळा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःचे १० लाख घालून उरलेले २८ लाख १० टक्के दराने १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३०,१०० रुपये पडेल. त्यात घरखर्चातील १८,००० रुपयांची तूट आणि ड्राफ्ट्समनचा पगार, सॉफ्टवेअर व साइटवरच्या फेऱ्या यांचे अंदाजे ३६,००० रुपये मिळवले, की दरमहा ८४,००० रुपये लागतील. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि फर्निचर यांवर आणखी ४ लाख गेले, तर शिल्लक ७ लाख राहील, म्हणजे जेमतेम आठ महिने. भाड्याची जागा घेतल्यास, १२,००० रुपये भाडे धरूनही, गरज ६६,००० रुपयांवर येते आणि एकट्या मुदत ठेवीतून वर्ष निघते.

ठरलेले ९.५ लाख पहिल्याच वर्षात हाती येतील, असे मात्र गृहीत धरू नका. मी त्यातले निम्मेच धरले असते. बंगल्याची फी संकल्पचित्र, मंजुरीचे नकाशे, जोते, स्लॅब अशा टप्प्यांनी येते. पितृपक्षात भूमिपूजन होत नाही, मुसळधार पावसात पायाचे खोदकाम थांबते, आणि बँकेने मालकाच्या गृहकर्जाचा पुढचा हप्ता अडवला की आपलाही अडतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका वास्तुविशारदाचे काम पहिल्या स्लॅबनंतर भावांच्या जमिनीच्या वादात १४ महिने बंद पडले. मी ती साइट पाहिली आहे: गजांना गंज चढला होता आणि पत्र्याच्या शेडमधल्या सिमेंटच्या गोण्यांचे दगड झाले होते. सगळे नकाशे त्यांनी केव्हाच देऊन टाकले होते, तरी ३० टक्के फी अडकून राहिली, कारण बांधकाम थांबल्यास काय, हे करारात लिहिलेलेच नव्हते.

म्हणून आपल्या करारात दोन गोष्टी अवश्य घाला: नकाशांची फी नकाशे देतानाच घ्यावी, ती बांधकामाच्या प्रगतीला जोडू नये, आणि ठरलेल्या संख्येपलीकडच्या साइटभेटींचे शुल्क वेगळे असावे. फी जीएसटी वगळून आहे, हेही लिहा. वार्षिक जमा २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करून १८ टक्के कर लावावा लागतो, आणि स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला त्याची वजावट मिळत नसल्याने तेव्हा कुरबुर हमखास होते.

प्राप्तिकराची चिंता पहिल्या वर्षी फारशी नसावी. ४४ एडीए या क्रमांकाने परिचित असलेल्या तरतुदीनुसार वास्तुविशारदाला जमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवता येते. परंतु पुढे गाळ्यासाठी कर्ज मागाल, तेव्हा बँक हेच विवरणपत्र पाहील. खरा नफा अधिक असेल तर तो पूर्ण दाखवणेच योग्य.

तिसऱ्या कामाचा करार होऊन आगाऊ रक्कम खात्यात जमा झाली, की राजीनामा द्यावा. त्याआधी कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा काढा, कारण फर्मचा गट विमा नोकरीबरोबर संपेल आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. ठरलेल्या दोन कामांचे नकाशे नोकरीत असतानाच सुरू करणार असाल, तर नेमणूकपत्रात खासगी कामांना मनाई आहे का, हेही याच आठवड्यात वाचून घ्यावे.