कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) घेऊन येणाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा कधी सुरू होतो?

व्हँकुव्हरला पोहोचल्या दिवसापासून विमा लागू होतो का, असे आपण विचारले आहे. तर तसे होत नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या एमएसपी (मेडिकल सर्व्हिसेस प्लॅन) या सरकारी आरोग्य विमा योजनेत आगमनाच्या महिन्याचे उरलेले दिवस आणि त्यापुढील दोन पूर्ण महिने थांबावे लागते. म्हणजे १० जूनला उतरलेल्या कुटुंबाला १ सप्टेंबरपासून संरक्षण मिळते. अर्ज मात्र प्रतीक्षाकाळ संपण्याची वाट न पाहता आल्या आल्या करावा, कारण उशिरा केलेल्या अर्जामुळे विमाही लांबू शकतो. प्रत्येक प्रांताचा नियम वेगळा आहे: ऑन्टारियोने आपली तीन महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये रद्द केली, त्यामुळे टोरांटोतील नातेवाइकांचा अनुभव येथे लागू पडेल असे धरून चालू नये.

मधल्या काळासाठी खासगी विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण कॅनडात पोहोचल्यावर घेतलेल्या अनेक पॉलिसींमध्ये आजारपणाचे संरक्षण काही दिवस उशिरा सुरू होते. घरात कोणी गरोदर असेल तर पॉलिसीतील वगळलेल्या बाबी शब्दन् शब्द वाचा. अशा अल्पकालीन विम्यात बाळंतपणाचा खर्च बहुधा धरलेला नसतो, आणि रुग्णालयाचे बिल थेट तुमच्या हाती येते.

आईवडील व्हिजिटर व्हिसावर किंवा सुपर व्हिसावर (आईवडील व आजीआजोबांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) येणार असतील तर त्यांना एमएसपी मिळत नाही. सुपर व्हिसासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा खासगी वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे.