जंगल पेटवून मोजायला पगार कोण देतं?

किनवट तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. कापूस-तुरीची शेती आहे, आणि उन्हाळ्यात वनखात्याकडं अग्निरक्षक म्हणून रोजानं जातात. पत्रातलं त्यांच्याच शब्दांत देतो: "सर, पोरगी नांदेडला बी.एस्सी. थर्ड इयरला हाय, बॉटनी. कॉलेजची सहल डेहराडूनला गेलती तवापासून एकच धोशा. म्हणती, तिकडं चीडच्या जंगलाला खातं सोताच इस्तू लावतं, मग काय जळालं, काय वाचलं ते वर्षानुवर्षं मोजतेत, मला तेच शिकायचंय. आमचा जलम वणवा विझवण्यात गेला. जंगल पेटवून मोजायला पगार कोण देतं? का बी.एड. करायला लावू?"

भाऊ, आधी पोरीच्या बाजूनं बोलतो. ती सांगते ते खरं आहे आणि त्याला शास्त्र आहे. चीड म्हणजे पाईन. उत्तराखंड-हिमाचलच्या मधल्या उंचीवरच्या डोंगरांत त्याची रानंच्या रानं आहेत. त्याची सुयांसारखी पानं ऐन उन्हाळ्यात गळतात. तिकडं त्याला पिरूल म्हणतात. सुकलेलं, तेलकट, घसरडं पिरूल वीतभर साचलं की एका बिडीनं डोंगर पेटतो. २०२४ च्या जूनमध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेली खात्याची माणसं दगावली. तुम्ही हे काम करता, तेव्हा त्याचा अर्थ तुम्हाला जास्त सांगायला नको.

म्हणून थंडी सरता सरता, जमिनीत ओल असताना, वारा पडलेला असताना, ठरवून छोटी आग लावतात आणि पिरूल कमी करतात. ह्याला कंट्रोल बर्निंग म्हणतात. तुम्ही दरवर्षी वणवा अडवायला जाळरेषेचा पट्टा काढता आणि जाळता, ते ह्याचंच धाकटं भावंड. फरक इतकाच की जाळरेषा जाळून झाली की आपण घरी येतो. तुमच्या लेकीला ज्या कामाचं वेड लागलंय ते काम तिथून पुढं सुरू होतं.

म्हणजे काय करतात? एक उदाहरण देतो, त्यावरून तुम्हाला कामाची जात कळेल. आग लावायच्या आधी पाचोळ्यात लांब खिळे ठोकतात, असे की खिळ्याचं डोकं पाचोळ्याच्या वरच्या थराशी बरोबर टेकलं पाहिजे. आग जाऊन जमीन थंड झाली की परत येतात. खिळा जितका उघडा पडला तितका थर जळाला. पट्टी लावायची, मिलिमीटर लिहायचे, पुढच्या खिळ्याकडं. असे वीस-तीस खिळे एका तुकड्यात. शेजारी आगीआधी एकदा आणि नंतर एकदा चौरस मीटरभर पाचोळा पिशवीत भरून आणायचा, भट्टीत सुकवून वजन करायचं, म्हणजे हेक्टरी किती जळण होतं आणि किती उरलं ते निघतं. झाडांना पत्र्याचे नंबर ठोकलेले असतात. खोड कुठपर्यंत काळं पडलं, शेंड्याकडच्या किती सुया तांबूस झाल्या, हे झाडागणिक लिहायचं. लिसा, म्हणजे चीडची राळ, काढायला खोडाला पाडलेल्या खाचांवर खास नजर ठेवायची, कारण राळेला आग लगेच धरते.

आणि मग पुढच्या वर्षी त्याच झाडांपाशी. त्याच्या पुढच्या वर्षीही. पाईनची साल जाड, त्यामुळं झाड आगीतून हिरवंगार निघालेलं दिसतं, आणि कधीकधी दोन वर्षांनी वाळतं. बुंध्याशी साचलेला जुना थर धुमसत राहिला तर वरून काही कळत नाही आणि खाली बारीक मुळ्या भाजून निघतात. अशा वेळी आग लावली त्या आठवड्यात "सगळं ठीक" असं लिहिलेला अहवाल खोटा ठरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये ह्यासाठी २० बाय ५० मीटरचे कायमचे तुकडे आखलेले असतात. जाळल्यावर लगेच, मग १, २, ५ आणि १० वर्षांनी तिथं परत जातात. दरवेळी फोटोसुद्धा त्याच खुंटीवरून, त्याच दिशेला.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे प्रयोग तुम्ही शेतकरी मेळाव्यात पाहिले असतील. एक पट्टा बिनखताचा ठेवलेला असतो ना? इथंही न जाळलेला तुकडा शेजारी ठेवावाच लागतो. तो नसेल तर गवत आगीमुळं वाढलं का पावसामुळं, हे कुणालाच सांगता येणार नाही. सांगणारा सांगेल, पण ती थाप असेल.

आता पगाराचं. "जाळलेलं जंगल मोजणारा" अशी पोस्ट आपल्याकडं निघत नाही. हे काम दुसऱ्या नावांच्या नोकऱ्यांमध्ये दडलेलं आहे. एक वाट संशोधनाची. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ पासूनची आहे. तिथं एम.एस्सी. फॉरेस्ट्रीला बॉटनीवाल्यांना प्रवेशपरीक्षा देता येते. पुढं नेट किंवा गेट काढून प्रकल्पात लागली तर ज्युनियर रिसर्च फेलोला २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं मिळतं. कमी नाही, पण प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो आणि पुन्हा शोधाशोध. तिशीपर्यंत ही अस्थिरता घरानं सोसायची तयारी हवी. लग्नाचा विषय तुमच्या पत्रात नव्हता, तरी मला ऐकू आला, म्हणून हे आत्ताच लिहिलं.

दुसरी वाट उपग्रहाची, आणि मला विचाराल तर हिच्यासाठी सध्या हीच जास्त भरवशाची. जळालेली जमीन अवरक्त प्रकाशात वेगळी दिसते. आगीआधीचं चित्र आणि नंतरचं चित्र वजा केलं की कुठं किती जळालं त्याचा नकाशा निघतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था वणव्याचे इशारे उपग्रहावरूनच पाठवते. तुमच्या गार्डसाहेबांच्या मोबाईलवर येतो तो मेसेज तिथूनच निघालेला असतो. डेहराडूनची आय.आय.आर.एस. ही उपग्रहचित्रांचं शिक्षण देणारी सरकारी संस्था, तिचे बरेच ऑनलाइन कोर्स फुकट असतात, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं फुकट. जंगलाच्या कामातून ती उद्या बाहेर पडली तरी हे कौशल्य पीकविमा, जलसंधारण, कुठंही चालतं.

तिसरी वाट वर्दीची. भारतीय वनसेवेला बॉटनीची पदवी चालते, वय २१ ते ३२, बॉटनी आणि फॉरेस्ट्री हे दोन्ही विषय घेता येतात. जागा देशभरात मोजक्याच, म्हणून एकट्या तिच्यावर डाव लावू नका. शरीरचाचणीत मुलींना ४ तासांत १४ किलोमीटर चालायचं असतं. किनवटच्या पोरीला त्यात काय अवघड! राज्याच्या वनसेवेतून वनक्षेत्रपाल होणं जास्त आवाक्यातलं. पण खरं सांगतो, वर्दीत गेल्यावर अतिक्रमण, पंचनामे आणि बैठका ह्यांतून मोजमापाला वेळ उरतो असं मी फारसं पाहिलेलं नाही.

बी.एड. नको असं म्हणत नाही. ते पाच वर्षांनीही करता येतं. पूर्वी मी अशाच एका मुलाला "जंगल म्हणजे वनरक्षक भरती, पळायला लाग" असं सांगून वाटेला लावलं होतं. त्याला फुलपाखरांचं वेड होतं. तो आता कुठल्याशा बँकेत वसुलीला आहे. त्यानंतर मी उत्तर द्यायच्या आधी पत्र दोनदा वाचतो.

एक काम ह्याच उन्हाळ्यात करा. चीड तुमच्याकडं नाही, पण सागाचं जंगल दारात आहे. वनक्षेत्रपालांना लेखी अर्ज देऊन परवानगी घ्या. खात्यानं जाळलेल्या जाळरेषेत १० बाय १० मीटरचा एक तुकडा आणि शेजारी न जळालेला तसाच एक, दोरी लावून आखा. रोपटी मोजायची, सागाचे फुटवे मोजायचे, चार कोपऱ्यांतून फोटो. श्रावणात परत, दिवाळीनंतर परत. स्वतः काडी मात्र लावायची नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या २६व्या कलमाखाली गुन्हा आहे, अभ्यासासाठी लावली म्हणून सुटका नाही. आणि तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. कुठल्या मोहाखाली फुलं वेचायला पाचोळा जाळतात, वारा कुठल्या खिंडीतून फिरतो, हे तिच्या प्राध्यापकांपेक्षा तुम्हाला ठाऊक. तेही वहीत उतरू द्या, तारखेसकट.

तीन फेऱ्यांनंतरही तिचा उत्साह टिकला तर एम.एस्सी.चा फॉर्म भरा. दुसऱ्याच फेरीला कंटाळली, तर चांगलंच झालं, दोन वर्षं आणि फी वाचली.

एक गोष्ट पत्रात नाही, ती कळवा. बारावीला गणित होतं का, आणि संख्याशास्त्राचा एखादा पेपर तिनं घेतलाय का? नसेल तर वरच्या तिन्ही वाटांआधी तेच करावं लागेल, आणि त्याची तजवीज नांदेडलाच होऊ शकते.