आरएनए-सेकचा डेटा आला, आता कोर्स लावू का?

प्रश्न : मी मेंदूविज्ञानात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताण दिलेले ६ उंदीर आणि ६ कंट्रोल, असा हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग) आरएनए-सेक डेटा, म्हणजे कोणतं जनुक किती सक्रिय आहे याची मोजणी, कंपनीकडून आला आहे. एक्सेल आणि प्रिझम (आलेख व संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) यांपलीकडे मला काही येत नाही. ओमिक्सचा (एकाच वेळी हजारो जनुकं-प्रथिनं मोजणाऱ्या पद्धतींचा) एक महागडा सर्टिफिकेट कोर्स करावा का? आर शिकू की पायथन?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : फी भरण्याची घाई करू नका. स्वतःचा डेटा हाताशी असताना शिकण्याची सुरुवात तिथूनच व्हावी. आधी आर शिका, कारण दोन गटांतल्या जनुकांचा फरक तपासणारी डीईसेक-२, एजआर आणि लिमा ही तुमच्या कामाची पॅकेजेस आरच्या बायोकंडक्टर या संग्रहामध्ये आहेत. पायथनची गरज पुढे सिंगल-सेलसाठी (एकेका पेशीची वेगळी मोजणी) स्कॅनपाय हे पॅकेज वापरायचं ठरलं तर पडेल, तोवर थांबलं तरी चालेल.

फास्टक्यू फाइल्स (यंत्राने वाचलेले कच्चे अनुक्रम) आधी फास्टक्यूसी या दर्जा तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून तपासून घ्या. पहिल्या दहा-बारा बेसवर लाल फुली दिसली म्हणून घाबरू नका. लायब्ररी (यंत्रात घालायचा नमुना) तयार करताना वापरलेल्या रँडम प्रायमरमुळे आरएनए-सेकमध्ये ती बहुधा येतेच. अनुक्रम जनुकांशी जुळवून मोजण्यासाठी स्टार हा प्रोग्रॅम वापरायचा तर उंदराच्या जीनोमला साधारण ३० जीबी रॅम हवी, तिथे लॅपटॉप मान टाकतो. त्याच कामाचं सॅमन १६ जीबीवर चालतं. तेही जड वाटलं तर गॅलेक्सी आहे : मोफत, ब्राउझरमध्ये चालणारं, सोबत धडेही. डीईसेक-२ला कच्ची मोजणीच द्यायची, टीपीएम किंवा एफपीकेएम हे आधीच समायोजित केलेले आकडे नाहीत. सॅमनचे आकडे टीएक्सइम्पोर्ट या आर पॅकेजमधून घ्या.

मात्र खरी परीक्षा इथे नाही, नमुन्यांच्या तक्त्यात आहे. कोणता उंदीर कोणत्या दिवशी, किती वाजता मारला, विच्छेदन कोणी केलं, आरएनए कोणत्या बॅचमध्ये काढला, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा गुणांक) किती आला, हे सगळं आजच लिहून काढा. सगळे कंट्रोल सोमवारी आणि ताणाचे सगळे मंगळवारी झाले असतील, तर सापडलेला फरक ताणाचा की वाराचा, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. दोन्ही गट दोन्ही दिवशी विखुरलेले असतील, तर मॉडेलमध्ये बॅच घातली की काम भागतं.

मग पीसीए काढा, म्हणजे कोणते नमुने एकमेकांसारखे आहेत हे दाखवणारा आलेख. नर-मादी दोन्ही असतील तर एक्सआयएसटी (मादीत सक्रिय) आणि डीडीएक्स३वाय (फक्त नरात) ही जनुकं पाहा. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती इथेच पकडली जाते. टीटीआर हे जनुक यादीत वर आलं तर आनंद मानू नका. विच्छेदनात कोरॉइड प्लेक्ससचा (मेंदूतला द्रव तयार करणाऱ्या शेजारच्या ऊतीचा) तुकडा सोबत आला की ते असंच उसळतं. पेशी उत्तेजित होताच सक्रिय होणाऱ्या एफओएस या जनुकाबाबतही तेच : त्याचा एमआरएनए उत्तेजनेनंतर साधारण अर्ध्या तासात शिखर गाठतो, त्यामुळे मारण्याआधी उंदीर किती वेळ हाताळला याचा परिणाम थेट आकड्यांत उतरतो.

सुमारे २० हजार जनुकं तपासताना ०.०५ची साधी पी-व्हॅल्यू लावली, तर काहीही फरक नसतानाही हजारेक जनुकं ‘सापडतात’. म्हणून इतक्या चाचण्यांचा हिशेब धरून सुधारलेली ॲडजस्टेड व्हॅल्यूच पाहायची. पुढे जीओ (जीन ऑन्टॉलॉजी) विश्लेषणात, म्हणजे सापडलेली जनुकं कोणत्या कामाची आहेत हे पाहताना, तुलनेसाठी पूर्ण जीनोम घेतला की ‘सिनॅप्स’ हमखास वर येतं, कारण नमुनाच मेंदूचा आहे! तुमच्या नमुन्यांत व्यक्त झालेली जनुकंच पार्श्वभूमी म्हणून द्या. आणि यादी एक्सेलमध्ये उघडू नका, जुन्या नावाचं ‘सेप्ट७’ हे जनुक तिथे ७ सप्टेंबर होऊन बसतं.

सिंगल-सेलचा मोह सध्या आवरा. त्यात हजारो पेशी मिळतात, पण संख्याशास्त्राच्या हिशेबात तुमचे नमुने उंदीरच राहतात. प्रत्येक पेशी स्वतंत्र नमुना धरून केलेले निष्कर्ष परीक्षक उडवून लावतात.

नोकरीच्या बाबतीत सांगायचं, तर पोस्टडॉकच्या मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा गिटहबवर (कोड जाहीर ठेवण्याची वेबसाइट) ठेवलेलं काम जास्त बोलतं. स्वतःच्या डेटासोबत जीईओ या सार्वजनिक डेटा-संग्रहातला एखादा हिप्पोकॅम्पसचा संच घेऊन सुरुवातीपासून पुन्हा विश्लेषण करा. दुसऱ्याने कोड चालवला तर तेच आकडे यायला हवेत. हे चार-सहा महिन्यांत जमतं. त्यानंतरही कोर्स करावासा वाटला, तर फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा : स्वतःचा डेटा आणू देतात का, आणि प्रयोगाच्या आखणीला किती तास दिले आहेत. ‘एका आठवड्यात १५ टूल्स’ असं माहितीपत्रक असेल, तर नाव घालू नका.