कुत्र्याच्या पहिल्या ओबिडियन्स (आज्ञापालन) स्पर्धेआधी

अमेरिकन केनेल क्लबच्या नोव्हिस (नवशिक्यांच्या) वर्गात पास व्हायला 200पैकी 170 गुण लागतात, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त. रिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या आखाड्यात, खाऊ चालत नाही, आणि नवखे नेमके इथेच अडतात: खिसा रिकामा झाला की कुत्रा मागे रेंगाळतो. म्हणून आतापासूनच खाऊ बाहेर खुर्चीवर ठेवा. आधी दोन पावलांनंतर, मग पूर्ण फेरीनंतर, तुम्ही दोघांनी तिथे पळत जायचं आणि तो कुत्र्याला द्यायचा.

बोलावताना ‘ये’ एकदाच म्हणा. दुसऱ्यांदा हाक मारलीत तर तो प्रकार नापास, बाकी कितीही सुरेख होवो. पट्टा ताणला की गुण जातात. इंग्रजी आठच्या (8) आकारात चालण्याच्या प्रकारात कुत्रा तुमच्या डावीकडे असतो, म्हणून उजवीकडे वळताना तो बाहेरच्या बाजूला येतो, त्याला वेग वाढवावा लागतो. त्याच्यासाठी तुम्ही मंदावू नका. सराव अनोळखी मैदानांवरच करा, घरचं अंगण फसवं.